हळद वेगळी, औषध वेगळं

आमच्या घरात मला तिखट म्हणतात. म्हणू देत. भिवंडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं क्लार्कची नोकरी करतेय. दाखल्यासाठी रोज भांडायला येणारे पालक आणि कपाटाच्या किल्ल्या हरवणारे शिपाई यांच्यात गोड राहिले असते, तर लोकांनी मला कधीच सोलून खाल्लं असतं. पण जिथे भांडायला हवं होतं, तिथे मी एकदा गप्प बसले. ते माझ्याच हळदीत. तो राग अजून माझ्या पोटात आहे आणि मागच्या वर्षी भाचीच्या लग्नात तो बाहेर आला.

माझं माहेर खारबावचं. आई अजून तिथेच असते, धाकट्या भावाकडे. रस्त्याकडची जमीन भावाने गोडाऊनला भाड्याने दिली, त्यामुळे भातशेती आता नावालाच आहे. घरामागे मात्र आंब्याच्या सावलीत दोन-अडीच गुंठ्यांचा एक तुकडा आईने कुणाला हात लावू दिला नाही. तिथे ती आंबेहळद लावते. पावसाच्या तोंडावर लावायची आणि थंडीत पानं वाळून आडवी झाली की खणायची. खणताना कैरी चिरल्यासारखा वास सुटतो. मुळी बाहेरून मातकट, आल्यासारखी, आत फिकट पिवळी. निम्मी ती राखेत पुरून ओली ठेवते आणि निम्मीच्या चकत्या करून सावलीत वाळवते.

साधी हळद रंगाला आणि आंबेहळद कातडीला, असं आई म्हणते. घामोळं, मुरुम, डास चावून आलेल्या गांधी, मुका मार, बाळंतपणानंतर पोटाला सुटणारी खाज, या सगळ्यावर तिच्याकडे एकच उपाय. सहाणेवर थोडं दूध टाकायचं, चकती उगाळायची आणि ताजा लेप लावायचा. करून ठेवलेला लेप ती फेकून देते. फुटलेल्या जखमेवर लावत नाही. नवीन माणूस असेल तर आधी कोपराच्या आत ठिपका लावून तासभर बसवून ठेवते. पुष्कळ बाया येतात त्या चेहरा उजळ कर म्हणून. दोन दिवसांवर कार्यक्रम, आणि यांना पी हळद हो गोरी. त्यांना ती सरळ सांगते, "रंग न्हाय बदलत गो. कातडी थंड परते, डाग जातात. गोरं व्हायचं असल तर दुसरीकडं जा." तरी येतात, कारण डाग खरंच जातात. मी तिची मुलगी म्हणून सांगत नाही. एक-एक चेहरा मी डोळ्यांनी पाहिलाय.

भिवंडीतच नारपोलीत मी राहते, त्या घराखाली कापडाचे लूम चालतात. तिथल्या कामगारांच्या बायका जिन्यात मला अडवतात, "दीदी, वो आम की महकवाली हल्दी लाई क्या?" लूमच्या उष्म्याने त्यांच्या पोरांच्या पाठी घामोळ्यांनी लाल झालेल्या असतात. मी खारबावहून पिशवी भरून आणते आणि उगाळायचं कसं ते दाखवते. माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलं नाही, पण अम्मा म्हणतात. परवा एकीने तिच्यासाठी शेवया दिल्या.

तर अशी ही बाई. आजूबाजूच्या चार गावांत नवरीची हळद असली की आठ दिवस आधी कुणीतरी पिशवी घेऊन आईच्या दारात उभं. "काकू, तुमच्या हातची पाहिजे." आई मुळी खणून, धुऊन, पाट्यावर वाटून देते. डबा घेऊन लोक जातात. हळदीचं बोलावणं मात्र तिला कुणी करत नाही. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हापासून आईने वाटलेली हळद सगळ्यांना चालते आणि आईचा हात कुणाला चालत नाही.

माझी हळद झाली तेव्हा मी बावीसची होते. पाटावर बसले होते. पाच सवाशिणी पुढे आल्या, पहिली माझी काकी, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. हळद आईने वाटलेली. तो कैरीचा वास मला येत होता, पण आई मला दिसत नव्हती. मान वळवली तेव्हा ती मागच्या पडवीच्या दारात दिसली, अर्धी दाराआड. हातांना अजून हळद लागलेली होती आणि ते हात तिने पदराखाली घेतले होते. मी पाहिलं आणि पुन्हा मान सरळ केली. एवढंच. मला म्हणता आलं असतं, आईला बोलवा. दोन शब्द. मी इतक्या वर्षांत लोकांना हजारो शब्द ऐकवले, ते दोन मात्र तोंडातून निघाले नाहीत.

माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, आजीच्या हातात वाढलेली. जन्मली तेव्हा तिची कातडी इतकी नाजूक होती की लंगोट लागला तरी चट्टे उठायचे. माझी वहिनी रडून रडून अर्धी झाली होती. डॉक्टर झाले, मलमं झाली. आईने वर्षभर रोज सहाण काढली, आणि पोरगी दीड वर्षाची होईपर्यंत अंग लोण्यासारखं झालं. आता ती इंजिनियर आहे. लग्न ठरलं वडपे गावच्या मुलाशी, तिने स्वतःच ठरवलं. आणि लग्न ठरल्या ठरल्या तिने मला फोन केला, "आत्या, मला पहिली हळद आजीने लावायला हवी. बाबांशी तू बोल. माझं ऐकून हो म्हणतील आणि विसरतील. तुला घाबरतात."

मी दुसऱ्याच दिवशी खारबावला गेले. भावाला समोर बसवलं. तो म्हणाला, "हो ताई. आता कोण मानतंय ते सगळं? लावू दे की आईला." मी खूश. वडापाव खाऊन परत आले. भावाचा स्वभाव मी जन्मापासून ओळखते. त्याचा हो म्हणजे तेवढ्यापुरती सुटका असते. तरी मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. भाचीला फोन करून सांगितलं, झालं तुझं काम, आत्याने शब्द दिलाय.

हळद सकाळी दहाला ठेवली होती. फोटोला उजेड पाहिजे म्हणून. वहिनीने घरातल्या सगळ्या बायकांना पिवळ्या साड्या आणल्या होत्या, मलाही. आईला आणली होती मोतिया रंगाची, बारीक पिवळी किनार असलेली. "आईंना शोभेल अशी बघितली," वहिनी म्हणाली. तिथेच मला कळायला हवं होतं. आईने ती साडी नेसली आणि पहाटेपासून पाट्यावर बसून हळद वाटली. गुडघे धरून उठली तेव्हा मोठं पितळी पातेलं भरलं होतं.

दहा वाजता वडप्याहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद आली. ती आमच्या पातेल्यात मिसळली. भाची पाटावर बसली. मी आईला आणायला आत गेले, तर आई मागच्या पडवीत. त्याच दारात. भाऊ तिला सांगत होता, "आई, तू इथंच बस, बाहेर ऊन हाय. चक्कर येल."

मांडवाला कापड होतं. मांडवात चार मोठे पंखे होते. मी म्हटलं, "ऊन कुठाय रे?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आता नको. काकी हाय बाहेर, वडप्याची लोकं आल्यात. नंतर लावेल ना आई. काय घाई हाय?"

"शब्द दिला होतास मला."

"दिला होता, पण लोकांना कोण तोंड देणार? तू जाशील नारपोलीला, मला इथं राहायचंय."

बाहेरून भाचीचा आवाज आला, "आजी कुठाय? आजी आल्याशिवाय नको." मी आईचा हात धरला. म्हटलं, चल, कोण काय करतंय बघते. आणि आईने हात सोडवून घेतला. दारातूनच ती नातीला म्हणाली, "नको गो बाय. तुझा संसार सुखाचा होऊ दे. माझा हात कनाला त्यात? काकीला लावू दे."

मला भावाचा राग आला होता त्याच्या दुप्पट आईचा आला. जगाने बाईला बाजूला बसवलं तर भांडता येतं. तिनेच आपलं बूड तिथे टेकवलं, तर कुणाशी भांडायचं? मी तोंड उघडायच्या आत काकीने आंब्याचा टाळा हळदीत बुडवला आणि भाचीच्या पायाला लावला. पाय, गुडघे, खांदे, कपाळ. बाकीच्या चौघींनी लावली. भाची सरळ समोर बघत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी शब्द दिला होता आणि मी खांबाला टेकून उभी होते, पिवळी साडी नेसून.

विधी दहा मिनिटांत संपला. मग गाणी लागली, नाच सुरू झाला. फोटोवाल्याने आधीच भावाला सांगून ठेवलं होतं की घरची हळद फोटोत फिकी दिसते, जरा भडक रंग पाहिजे. म्हणून भावाने बाजारातून पिवळ्या पावडरीची पाकिटं आणली होती, त्यावर हळदीच्या मुळीचं चित्र. मैत्रिणींनी ती मुठी भरभरून भाचीच्या तोंडाला, मानेला चोळली. हवेत उडवली. मला त्या पावडरीला कैरीचा काय, हळदीचाही वास आला नाही. ऑइलपेंटसारखा आला. मी बोलायला हवं होतं, पण मी फुगून बसले होते.

दीड वाजता जेवणं चालू असताना वहिनी पळत आली. भाचीचा चेहरा सुजला होता. डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या, गाल लाल, मानेवर चट्टे, आणि ती नखांनी ओरबाडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न. पार्लरवालीने चेहरा बघून हात जोडले. भावाने स्टेशनजवळच्या डॉक्टरांना गाडीत घालून आणलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, रंगाची ॲलर्जी आहे म्हणाले, गार पाण्याने धुवा आणि नवीन काही लावू नका. लहानपणापासून सोसलेलं काही असेल तर ते लावा.

डॉक्टर गेले आणि भाऊ मागच्या पडवीत गेला. मी त्याच्या मागे गेले. हा माणूस सकाळी जिला ऊन लागेल म्हणून आत बसवत होता, तिच्यापुढे उकिडवा बसला. "आई, काहीतरी कर ना. तूच बरी केली व्हती तिला." अडला हरी आणि दुसरं काय.

आईने लगेच सहाण काढली. वाळलेली चकती, गार दूध. मधल्या खोलीत भाची खाटेवर पडली होती. आईने आधी ओल्या मऊ फडक्याने तिचं तोंड पुसलं, तीन वेळा पाणी बदललं, रंगाचा कण राहू दिला नाही. कोपरावर ठिपका लावून बघितला. मग उगाळायला बसली. दगडावर मुळी फिरल्याचा आवाज खोलीभर. काकी दुधाची वाटी धरून तिच्या शेजारी. हो, तीच काकी.

आईने बोटाने गालाला पहिला लेप लावला आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आता चालतो का हात?"

वहिनीने मान खाली घातली. काकी म्हणाली, "काय बोलतंस? ते औषध हाय. हलद येगली, औषध येगलं."

"येगलं कसं? एकाच वाफ्यातली मुळी आहे. सकाळी पाट्यावर वाटली, आता सहाणेवर उगाळली. तोंड तेच, हात तोच. सकाळी त्या हाताने संसार बुडत होता ना? आता कसा तरतोय?"

"ताई, पोरीच्या तोंडाकडं बघ आणि गप बस," भाऊ म्हणाला.

"तीस वर्षं गप्पच बसलेय. पोरीचं तोंड असं झालंय ते तुझ्या पाकिटांनी झालंय, आईच्या हाताने नाही. एवढं आधी मान्य कर, मग मला गप्प बसव." माझा आवाज मांडवापर्यंत गेला असणार, कारण भांड्यांचे आवाज थांबले. मी मनात म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. "घामोळं आलं की आई, चट्टे उठले की आई, नवरीला तेज पाहिजे की आई. आणि पाटाजवळ कोण? जिने आयुष्यात एक मुळी खणली नाही ती. गरज सरो वैद्य मरो, एवढं तरी सरळ म्हणा. ऊन हाय म्हणून सांगू नका."

काकी काही वाईट बाई नाही. वडील गेले तेव्हा तिने वर्षभर आम्हाला जेवायला घातलंय. ते मला आठवत होतं आणि म्हणूनच जास्त संताप येत होता. ती वाटीतल्या दुधाकडे बघत राहिली. आई उगाळायची थांबली नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "हळू बोल. तिच्या डोल्यात पाणी आलं का लेप धुऊन जातो."

मी तोंड मिटलं. चारच्या सुमारास डोळे थोडे उघडले. ते इंजेक्शनने की आंबेहळदीने हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. ओरबाडणं मात्र लेप लागल्यावर थांबलं, ते माझ्यासमोर झालं. आईने लेपाचा दुसरा हात दिला आणि चकती बाजूला ठेवली. सहाणेवर थोडं उरलं होतं.

"आजी," भाची म्हणाली. "पायालाही खाजतंय."

तिने चादर बाजूला केली आणि दोन्ही पाय पुढे केले. पावडर पायाला कुणी लावलीच नव्हती. पायावर चट्टा नव्हता, लाली नव्हती, काही नव्हतं. वहिनीने पाहिलं, भावाने पाहिलं, काकीने पाहिलं. आईने तर सगळ्यात आधी पाहिलं, कातडी तिला माझ्यापेक्षा आणि डॉक्टरांपेक्षा जास्त कळते.

"पायाला काय न्हाय झालेलं गो," आई म्हणाली.

"झालंय. खूप खाजतंय. आधी पायाला लाव. मग गुडघ्यालाही खाजतंय. आणि खांद्याला."

आईचा हात सहाणेवर तसाच राहिला, बोटं पिवळी. तिने काकीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता ही काकी काही बोलली तर मी हिची वाटी फेकून देईन. काकीने उरलेलं दूध सहाणेवर ओतलं. म्हणाली, "खाजतंय बोलते ना पोरगी. मंग लाव की. औषधच हाय." आणि तोंड भिंतीकडे केलं.

आईने लावलं. आधी पाय. मग गुडघे, मग खांदे, मग कपाळावर, केसांच्या कडेला. क्रम चुकला नाही. तीस वर्षं दाराआडून बघून पाठ झालेला क्रम. तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही. भाचीने डोळे मिटून घेतले होते. भाऊ बाहेर निघून गेला, त्याला जेवणावळ बघायची होती म्हणे.

मी रडले, खोटं कशाला सांगू. पण राग काही कमी झाला नाही. उलट वाढला. एवढ्या शिकलेल्या मुलीला आजीची हळद मागण्यासाठी खाजेचं खोटं सांगावं लागलं, आणि तेही तोंडभर सूज आल्यावर. चेहरा नीट राहिला असता, तर आई दारातच राहिली असती. दुसऱ्या दिवशी लग्न झालं, चेहरा फोटोत चांगला दिसला, पाहुणे म्हणाले, नवरीला काय तेज आलंय. कुणाच्या हाताचं, ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भाची झोपली आणि बाकीचे मांडवात गेले. आई सहाण धुवायला घेऊन मागच्या पडवीत आली. मी तिथेच पायरीवर बसले होते, पिवळी साडी गुंडाळून. तिने सहाण धुतली नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"उरलंय थोरं," ती म्हणाली. "तुना कुठं खाजतंय का?"

मी म्हटलं, "हो. तीस वर्षं झाली खाजतंय."

ती गुडघे धरत माझ्या पायाशी बसली.

"मंग तवाच बोलायचं व्हतं ना," आई म्हणाली, आणि माझा पाय पुढे ओढला.